मामांचा होम्स

शेरलॉक होम्सच्या चाहत्यांनी चालवलेल्या विश्वकोशात मी चार वर्षं नाटकांच्या नोंदी बघतोय. दिवसा इंदुरात नोकरी, रात्री जेवणं उरकली की हे. नवीन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘हे नाटक कुणाला माहीतच नाही, घ्यायचं कशाला?’

माहीत नसणं हे कारण नव्हे. विल्यम जिलेटचं १८९९चं ‘शेरलॉक होम्स’ नाटक सगळ्यांना ठाऊक असतं. पण लंडनमध्ये ‘अंडर द क्लॉक’ या छोट्या प्रहसनात होम्सची टिंगल १८९३ मध्येच होऊन गेली होती. प्रसिद्धीची चाळणी लावली की आधी असलीच नाटकं गळतात.

मी आधी पाहतो, प्रयोग झाला होता का. जाहिरात फक्त ‘होणार’ म्हणते. आयत्या वेळी नट आजारी पडतो, हॉल मिळत नाही. परीक्षण आलं म्हणजे बहुतेक झाला. तरी त्यावरही डोळे मिटून विसंबू नका. होम्सचे लेखक कॉनन डॉयल यांच्या स्वतःच्या ‘द स्पेकल्ड बँड’ या १९१०च्या नाटकात खराखुरा बोआ साप आणला होता, आणि एका समीक्षकानं तो साप उघड उघड नकली असल्याचं लिहिलं! डॉयलनं आठवणींत ही चीड नोंदवून ठेवलीय. अशा परीक्षणातून प्रयोग झाल्याचं घ्यावं, सापाचं नाही.

पात्रांची नावं बदलली म्हणून नाटक वगळू नका. देवलांनी ऑथेल्लोचा झुंझारराव केला, तरी आपण तो शेक्सपिअरच्याच खात्यात धरतो ना?

माझी फजिती मात्र घरातूनच झाली. रामबागेतल्या गणेशोत्सवात आपण होम्स केला होता, असं मामा नेहमी सांगायचे. मी कौतुकानं अख्खं पान लिहिलं. संपादक ताईंनी दुसऱ्याच दिवशी काढलं: ‘मामांखेरीज कोण म्हणतं?’ महिनाभर मी रुसून होतो. मग मामींच्या ट्रंकेत, जरीच्या साड्यांखाली, हस्तपत्रिका सापडली. ‘कॉनन डॉयल यांच्या कथेवरून’ असं स्पष्ट छापलेलं. वार आणि तारीख जुन्या पंचांगाशी ताडून पाहिली, जुळली. एकच प्रयोग, संहिता हाती नाही. म्हणून स्वतंत्र पान न देता रूपांतरांच्या यादीत एक ओळ दिली.

त्या पत्रिकेत मामांचं नाव होम्सच्या मित्राच्या, वॉटसनच्या भूमिकेपुढे होतं. विचारलं, तर म्हणाले, ‘अरे, दोघं एकाच घरात राहायचे ना!’