रिव्हेंज थ्रिलर बघताना नेमकं काय बघायचं

अत्याचाराचा सीन आला की पहिल्यांदा कॅमेरा कुठे उभा आहे ते बघा. तिच्या चेहऱ्याजवळ आहे, फाटलेल्या कपड्यांवर रेंगाळतोय, की त्या माणसाच्या खांद्यावरून बघतोय? खांद्यावरून असेल तर आपल्यालाही त्याच्याच जागी उभं केलंय, मग शेवटी त्याला कितीही बेदम मारलं तरी आधी जे दाखवलं ते पुसलं जात नाही.

रवी उदयावरचा 2017 चा मॉम आठवा, श्रीदेवीचा. रात्रीचा रिकामा रस्ता आणि वरून दिसणारी एक गाडी, बास. आत काय चाललंय ते दिसतच नाही, गाडी मधेच थांबते, आतले लोक जागा बदलतात आणि गाडी परत निघते. त्या थांबण्यानेच माझ्या पोटात गोळा आला. त्यामुळे कुणी "अहो पण वास्तव दाखवायलाच लागतं ना" म्हणालं की मी हाच सीन सांगते.

मग दुसरं, त्या सीननंतर पडद्यावर तिच्या वाट्याला किती वेळ येतो ते मोबाइलवर खरंच टिपून ठेवा. त्याच वर्षीच्या काबिलमध्ये बायको जीव देते आणि पुढचा सगळा पिक्चर नवऱ्याच्या सुडाचा होतो. तिचं दुःख म्हणजे हिरोला पेटवायची काडी, मला हे फार खटकतं.

अज्जीही 2017 चाच. सुषमा देशपांडेंनी केलेली आज्जी कपडे शिवून पोट भरणारी, दहा वर्षांच्या नातीवर अत्याचार झालेला, आणि करणारा पुढाऱ्याचा मुलगा म्हणून पोलीस हात वर करतात. मग ही म्हातारी खाटकाकडे जाऊन मांस कापायला शिकते. हे फार नीट बघा, कारण एरवी हिरोच्या हातात कोयता आला की तो जन्मापासून चालवत असल्यासारखा चालवतो, इथे मात्र हाताला सवय लावावी लागते आणि ते बघताना सूड म्हणजे काय करायचं असतं ते अंगावर येतं. तरी त्यात पुतळ्याबरोबरचा एक सीन आहे तो मला झेपला नाही, मी सरळ पुढे ढकलला. तुम्हीही ढकला, सगळं बघितलंच पाहिजे असं काही नाही.

व्हिलन कोण आहे तेही बघा. देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबीच्या आकड्यांत वर्षानुवर्षं बलात्काराच्या 90 टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये आरोपी ओळखीचाच असतो, नातेवाईक, शेजारी, मित्र. पिक्चरमध्ये मात्र बहुतेक वेळा दारू प्यायलेले अनोळखी गुंड, कारण काकाला किंवा शेजाऱ्याला मारताना थिएटरात शिट्ट्या पडणार नाहीत.

घरी सगळ्यांसोबत लावणार असाल तर आधी सर्टिफिकेट बघा, आता यूए मध्ये, म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या पिक्चरमध्ये, वयाप्रमाणे 7+, 13+ आणि 16+ असं वेगवेगळं येतं. आणि सोबतच्यांना आधी विचारा. माझी एक मैत्रीण असाच पिक्चर चालू असताना पाणी आणायला म्हणून उठली ती ओट्यापाशीच उभी राहिली, नळ चालू, ग्लास भरून वाहतोय आणि तिचं लक्षच नाही. तेव्हापासून मी "यात असा सीन आहे, चालेल का" एवढं विचारल्याशिवाय प्ले दाबत नाही. कुणी मधेच गप्प झालं तर पॉज करा, कारण विचारत बसू नका. तिला बोलावंसं वाटलं तर ऐका, मदत हवी असेल तर बायकांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 हे नंबर फोनमध्ये सेव्ह असू द्या.