अनिता: नावाचं मूळ, अर्थ आणि दाखल्यावरची वेलांटी

"अनिता म्हंजे काय वो?" बारशात पाळण्याची दोरी हातात असताना हा प्रश्न हमखास येतो, आणि कोणीतरी मोबाईल पाहून सांगतं, "कृपा." नावांच्या पुस्तकांतही बहुतेक हेच छापलेलं असतं, शेजारी मूळ भाषा "संस्कृत". अर्थ खरा आहे, पण तो संस्कृतातला नाही. कृपा हा अर्थ ज्या अनिताचा आहे ती स्पेनची. संस्कृत धातूंवरून पाहिलं तर वेगळाच अर्थ निघतो. एकाच आवाजाची दोन नावं, दोन रस्त्यांनी आलेली. पोरीचं नाव अनिता ठेवायचं असेल, किंवा आजीचंच नाव नातीला द्यायचं असेल, तर आपली अनिता कोणती हे आधी ठरवा, कारण कागदावरची वेलांटी त्यावरून ठरते.

स्पेनची अनिता

स्पॅनिशमध्ये मूळ नाव आहे आना. त्याला -इता हा प्रत्यय लागला की होते अनिता. -इता लहानपण आणि माया दोन्ही एकदम सांगतो. आपल्याकडे घरचं घरकुल होतं तसंच. घरकुल म्हणताना घर लहान आहे एवढंच सांगायचं नसतं, त्यात जिव्हाळाही असतो. रोसाची रोसिता, हुआनाची हुआनिता याच पद्धतीने होते. शेवटी न असेल तर मध्ये स येतो, म्हणून कारमेनची कारमेनसिता.

मात्र शेवटी -इता दिसलं की लाडाचं नाव, असा सरसकट नियम लावू नका. मार्गारिता हे पूर्ण नाव आहे. ते "मोती" या ग्रीक शब्दावरून आलं, त्यात प्रत्यय नाहीच. मराठीतही सविता, वनिता, कविता, ललिता यांचा शेवट सारखा ऐकू येतो, पण मुळं निराळी. सविता तर संस्कृतात पुल्लिंगी आहे, सूर्याचं नाव.

आना आलं हिब्रूतल्या हन्नावरून. मराठी बायबलमध्ये शमुवेलाची आई हन्ना, तीच ही. हिब्रूत त्याचा अर्थ कृपा, प्रसाद. ग्रीकमधून जाताना सुरुवातीचा ह गळाला, लॅटिनमध्ये अन्ना राहिलं आणि स्पॅनिशने दोन न चा एक केला. येशूची आई मारिया, तिच्या आईचं नाव हेच मानतात, म्हणून कॅथलिक देशांत ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. 26 जुलै हा तिचा सण, आणि स्पेनमध्ये आना नावाच्या बायका त्या दिवशी आपला नावदिवस मानतात.

उच्चाराची एक गोष्ट मराठी माणसाला सोपी जाते. स्पॅनिश त हा आपल्या त सारखाच, जीभ दातांना लावून म्हणायचा. जोर मधल्या अक्षरावर: आ-नी-ता. इंग्रजीतून आलेला "अनीटा" हा उच्चार स्पॅनिशपासून दूर आहे. गावात बाया ज्या तऱ्हेने "अनिता" म्हणतात तो जास्त जवळचा.

या नावाच्या दोन बायका लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. स्पेनमधल्या मालागाची नर्तकी अनिता देल्गादो हिने 1908 मध्ये कपूरथळ्याचे महाराज जगतजीत सिंग यांच्याशी लग्न केलं. दुसरी अनिता गॅरिबाल्डी, जन्म 1821, ब्राझीलची. तिचं पाळण्यातलं नाव आना मारिया. पोर्तुगीज पद्धतीने लाडाचं नाव "आनिन्या" झालं असतं, पण ती ओळखली गेली अनिता या स्पॅनिश रूपाने. इटलीच्या स्वातंत्र्यलढ्यात ती नवऱ्याच्या बरोबरीने लढली, आणि 1849 मध्ये रोमहून माघार घेताना वाटेत आजारी पडून गेली. रोमला तिचा घोड्यावरचा पुतळा आहे.

संस्कृतातून पाहिलं तर

नी म्हणजे नेणे. त्यावरून नीत, नीता. सुनीता म्हणजे चांगल्या वाटेने नेलेली, विनीता म्हणजे नम्र, प्रणीता म्हणजे पुढे नेलेली, रचलेली. याच घरातली अनीता घेतली तर अ + नीता, म्हणजे "न नेलेली". नी दीर्घ. आणि नि ऱ्हस्व ठेवली तर व्याकरणाने ती अन् + इता अशी फुटते. इ म्हणजे जाणे, इता म्हणजे गेलेली, अनिता म्हणजे "न गेलेली". दोन्ही अर्थांत वाईट काही नाही, पण "कृपा" दोन्हींत नाही.

हे स्वतः तपासायचं असेल तर आपट्यांचा संस्कृत कोश घ्या, तालुक्याच्या वाचनालयात किंवा कॉलेजात मिळतो. चूक बहुधा इथेच होते: लोक थेट "अनिता" शोधतात, समाधानकारक काही सापडत नाही आणि पुन्हा मोबाईलकडे वळतात. नाव फोडून धातू शोधा. आधी "नी", मग "इ". धातूचा अर्थ आणि यादीतला अर्थ जुळत नसेल, तर यादीतला अर्थ दुसऱ्या भाषेतून आला असण्याचा दाट संभव. मग त्याच आवाजाचं नाव युरोपात आहे का ते पाहा. लीना, नीना, माया, तारा, सारा, कोणत्याही दोन अक्षरी नावाला ही परीक्षा लावता येते. मीरा हे नाव तर गमतीचं आहे: स्पॅनिशमध्ये "मिरा" म्हणजे "बघ!".

आमचं मत सांगायचं तर, अर्थ कृपा हवा असेल तर खुशाल अनिता ठेवा आणि विचारणाऱ्याला सरळ सांगा की नाव स्पॅनिश आहे, हिब्रू हन्नावरून आलेलं. पोरीला मोठेपणी कोणी "हे संस्कृत नाही" म्हणालं तर तिच्याकडे खरं उत्तर असेल. संस्कृत नावच हवं असेल तर सुनीता किंवा विनीता घ्या. त्यांचा अर्थ ओढूनताणून लावावा लागत नाही. राशीचं अक्षर पाहणाऱ्या घरात अ येतो कृत्तिका नक्षत्राच्या पहिल्या चरणाला, मेष राशीत. तेवढं जुळलं की नाव बसतं, मूळ कोणतंही असो.

आपल्या गावात हे नाव किती चालतं, ते कसं मोजायचं

देशभराचे आकडे शोधण्यापेक्षा गावचं मोजणं सोपं आणि जास्त कामाचं. लागतं काय, तर मतदार यादी, पेन्सिल आणि एक दुपार.

आपल्या केंद्राच्या यादीभागाची प्रत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवा किंवा बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, पाहायला मागा. उतरवलेली प्रत बऱ्याचदा चित्रासारखी असते, तिच्यात शब्द शोधता येत नाही. म्हणून छापून घेऊन हातानेच मोजा. "वगळले" असा शिक्का असलेल्या नोंदी सोडा, शेवटची पुरवणी विसरू नका. बायकांचे वयाप्रमाणे चार गट पाडा: 18–27, 28–42, 43–57 आणि 58 च्या पुढे. गट असे आडनिडे का? जुन्या लोकांची वयं अंदाजाने लिहिलेली असतात, म्हणून 40, 45, 50, 60 या आकड्यांवर गर्दी होते. गटाची हद्द नेमकी 45 किंवा 60 वर ठेवली की ती सगळी गर्दी एका बाजूला पडते आणि हिशेब बिघडतो.

प्रत्येक गटात बायका किती, त्यात अनिता किती, हे मांडा आणि शेकडा काढा. समजा 43–57 मध्ये 140 बायका आणि 7 अनिता, तर शेकडा 5. 18–27 मध्ये 120 पोरी आणि 1 अनिता, तर शेकडा 1 हूनही कमी. नुसते 7 आणि 1 पाहू नका, कारण गट लहानमोठे असतात. अनिता, अनीता, अनिताबाई आणि अनिताताई एकत्र मोजा.

आता यातली मोठी फसगत. मतदार यादीतल्या बहुतेक लग्न झालेल्या बायका माहेरून आलेल्या असतात. म्हणजे तुम्ही तुमच्या गावाचा नाही, आजूबाजूच्या पन्नास गावांचा कल मोजत असता. शिवाय लग्नात ताटातल्या तांदळांवर नवं नाव लिहून सुनेचं नाव बदलायची रीत अनेक घरांत होती. जी आज अनिता आहे, ती माहेरी शांता किंवा बेबी असू शकते. तेव्हा ते नाव तिच्या आईबापांनी नाही, सासरच्यांनी निवडलेलं असतं, आणि तेही जन्मानंतर कित्येक वर्षांनी.

गावात जन्मलेल्या पोरींना काय नाव ठेवलं हे पाहायचं तर जिल्हा परिषद शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर लागतं. त्यात जन्मतारीख असते, पाळण्यातलं नाव असतं आणि नोंदी ओळीने जुन्या वर्षांपर्यंत मागे जातात. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, फक्त नाव आणि वर्ष उतरवा, बाकी काही नाही. शून्य ते सहा वर्षांच्या पोरींसाठी अंगणवाडी ताईंना नुसतं विचारलं तरी पुरतं. त्यांना सगळी नावं तोंडपाठ असतात.

स्पेनचा आकडा हवा असेल तर तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की देशात त्या नावाची माणसं किती आणि त्यांचं सरासरी वय किती ते दिसतं. सरासरी वय जास्त म्हणजे नाव मागच्या पिढीचं. इथेही एक खाच आहे. तिकडे कागदावर आना आणि घरात अनिता अशी पद्धत, त्यामुळे अनिता शोधली तर थोड्याच दिसतील. कायद्याचाही हात होता: लाडाची रूपं नोंदवहीत चालत नसत, ती अडचण 2007 च्या कायद्याने काढली. म्हणून आना, आना मारिया आणि अनिता अशा तिन्ही नोंदी वेगवेगळ्या पाहा.

दाखल्यावर लिहिताना

मराठीत रूढ लेखन अनिता, नि ऱ्हस्व. हिंदीत अनीता लिहितात. मध्य प्रदेशाला लागून असलेल्या वरूड, मोर्शी, तुमसर, गोंदियाकडे दोन्ही सापडतात, आणि बँकेच्या किंवा दवाखान्याच्या संगणकात हिंदी रूप आपोआप उमटलेलं असतं. दक्षिणेला राजुरा, सिरोंच्याकडे वेगळा घोळ. तेलुगू पद्धतीत इंग्रजी अक्षरांत त लिहिताना टी नंतर एच लावतात. बाळंतपण तेलंगणातल्या दवाखान्यात झालं असेल तर कागदावर ए-एन-आय-टी-एच-ए येऊ शकतं, आणि इकडच्या आधारवर तो एच नसतो. सही करण्याआधी दोन्ही लिप्यांतलं नाव अक्षर-अक्षर वाचा.

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, बापाच्या गावी नाही. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, पोरगी अमरावतीच्या किंवा यवतमाळच्या दवाखान्यात जन्मते आणि सहा वर्षांनी शाळेच्या वेळी बाप आपल्या ग्रामपंचायतीत नोंद शोधत बसतो. ती तिथे नसतेच. दवाखान्यातून सुट्टी होतानाच विचारून ठेवा: नोंद कोणत्या कार्यालयात जाणार, आणि नोंदणी क्रमांक काय.

नोंदीची मुदत 21 दिवस. त्या वेळी नाव ठरलं नसेल तर घाई करू नका. नावाशिवाय नोंद होते, आणि जन्म नोंदल्यापासून वर्षभरात नाव विनाशुल्क चढवता येतं. वर्षानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. बाराव्या दिवशी बारसं करून आत्याने कानात कुर्र केलं की, मग पाहुण्यांची पांगापांग झाल्यावर, एका कागदावर मराठी आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत नाव लिहा, आईबाप दोघांनी वाचा आणि तोच कागद कार्यालयात न्या. तोंडी सांगितलेल्या "अनिता"ची वेलांटी लिहिणाऱ्याच्या सवयीप्रमाणे पडते.

एकदा चढलेलं नाव हौसेने बदलून मिळत नाही. लिहिण्यातली चूक पुराव्यानिशी दुरुस्त होते. नावच बदलायचं तर राजपत्राचा रस्ता. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, म्हणून पहिली दुरुस्ती जन्मदाखल्याबरहुकूम करा, शाळेच्या दाखल्याबरहुकूम नको. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या कामांना जन्मदाखला हाच जन्माच्या तारखेचा आणि ठिकाणाचा आधार आहे.

आणि ज्यांचं स्वतःचं नाव अनिता आहे त्यांनी आपली वेलांटी बाळंतपणाआधी पाहून घ्यावी. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या लेकराच्या सरकारी कागदावर आधी लेकराचं नाव, मग आईचं, मग बापाचं, शेवटी आडनाव असा क्रम आहे. आईच्या आधारवर अनीता आणि शाळेच्या दाखल्यावर अनिता असेल, तर तो फरक लेकराच्या प्रत्येक कागदावर उतरतो. सातव्या-आठव्या महिन्यात, पायी चालणं जमतं तोवर, आधार केंद्रावर जाऊन तो मिटवून टाका. बरोबर नावाचा पुरावा मूळ प्रतीत न्या, झेरॉक्सवर काम होत नाही.