चार-सहा मित्रांनी मिळून व्हिएतनाम कसं फिरावं: लातूर-नांदेडकडून निघणाऱ्यांसाठी

मराठवाड्यातले मित्रांचे छोटे गट हल्ली थायलंड-दुबईच्या पुढे बघू लागलेत आणि व्हिएतनामचं नाव त्यात बरंच वर आहे. व्हिसा घरबसल्या मिळतो, खर्च युरोपच्या मानाने किरकोळ, बघायला भरपूर. पण गटाची सहल बिघडते तिकडे, पण त्या बिघाडाची सुरुवात झालेली असते इकडेच. "काय बी चालतंय, तुम्ही ठरवा" म्हणणारा गडीच तिसऱ्या दिवशी तोंड फुगवून बसतो. म्हणून या लेखात निघण्याआधीच्या कामांवर जरा जास्त लिहितोय.

1. माणसं: चार किंवा सहा, पाच नको

हॉटेलच्या खोल्या दोघांच्या असतात आणि टॅक्सीत चौघं मावतात. पाचवा आला की एक खोली आणि एक गाडी जास्तीची, आणि तो खर्च कुणी भरायचा यावर कुजबुज सुरू. चौघं उत्तम. सहा असतील तर सात सीटची गाडी मागवता येते. सहाच्या वर गेलात तर सरळ एजंटकडून पॅकेज घ्या, तेवढ्यांची मोट स्वतः बांधू नका. पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस लागतो, म्हणजे एजंट पैसे घेतानाच आगाऊ कापून घेतो तो कर. आयकर विवरणपत्र भरताना तो आपल्या करात वळता होतो, तेव्हा पावती जपून ठेवा आणि पॅन बरोबर लिहिलाय ना ते बघा.

पहिल्या बैठकीतच प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा: काय बघितल्याशिवाय यायचं नाही, आणि काय अजिबात करायचं नाही. "काय बी चालतंय" हे उत्तर धरायचं नाही.

2. तारीख: इथं घोडं पेंड खातं

गटात मास्तर असतो, मेडिकलवाला असतो आणि शेती बघणारा तर असतोच. सोयाबीन विकून दिवाळीनंतर हातात पैसा येतो, म्हणून सगळ्यांना नोव्हेंबर सुचतो. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मध्य व्हिएतनामचा ऐन पावसाळा. होई आन हे नदीकाठचं गाव तेव्हा पाण्यात जातं, गल्ल्यांतून होड्या फिरतात. त्यामुळे सोयाबीनचे पैसे बाजूला ठेवा आणि जायचं नंतर बघा.

हवा सगळ्यात चांगली फेब्रुवारी ते एप्रिल. त्यात एक अडचण म्हणजे तेत, त्यांचं नवं वर्ष. ते 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान चंद्राच्या हिशेबाने येतं. त्या आठवड्यात दुकानं बंद, लोक आपापल्या गावी आणि गाड्या भरलेल्या, अगदी आपल्या दिवाळीसारखं. मार्च जमला तर सोनं. मास्तरला परीक्षेमुळे मार्च जमत नाही, मग मे उरतो. तोही चालेल, फक्त 30 एप्रिल आणि 1 मे टाळा. तिकडे त्या दोन्ही दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते आणि सगळा देश फिरायला निघतो. मेमध्ये ऊन कडक असतं. लातूरच्या माणसाला पारा घाबरवत नाही, पण तिथला दमटपणा आपल्या अंगवळणी पडलेला नसतो. दुपारी बारा ते तीन खोलीत राहायचं, असं आधीच ठरवून टाका.

3. पासपोर्ट आणि नाव

निघायच्या तारखेला पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. नवा काढायचा तर 36 पानी पासपोर्टची साधी फी 1500 रुपये, तत्काळला वर 2000. पोलीस पडताळणीला किती दिवस लागतील याचा भरवसा धरू नका. सगळ्यांचे पासपोर्ट हातात येईपर्यंत विमानाचं तिकीट काढायचंच नाही.

घोळ होतो तो नावात. आधारवर कधी आडनाव आधी, पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या रकान्यात. बायकांच्या बाबतीत माहेरचं-सासरचं आणखी वेगळं. तिकीट आणि व्हिसा दोन्हींवर पासपोर्टावर आहे तसंच, अक्षरालाही फरक न करता नाव लिहा. सगळ्यांचे फॉर्म एकाच माणसाने भरावेत आणि दुसऱ्याने पासपोर्ट समोर धरून तपासावेत.

व्हिएतनामचा ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो. एका प्रवेशाचे 25 डॉलर, अनेक प्रवेशांचे 50. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'गव्ह डॉट व्हीएन' असा संपतो. शोधताना वरती येणारी बरीच संकेतस्थळं दलालांची असतात आणि ती दुप्पट-तिप्पट घेतात. अर्ज नाकारला तरी फी परत येत नाही, म्हणून चष्मा काढून फोटो काढा आणि पासपोर्टच्या पानाचा फोटो स्वच्छ घ्या. महिनाभर आधी अर्ज करा. व्हिसा आला की छापून दोन प्रती ठेवा.

4. मार्ग: दोनच मुक्काम

व्हिएतनाम उत्तर-दक्षिण लांबलचक देश आहे. सात-आठ दिवसांत हनोई, हालाँग, होई आन, हो ची मिन्ह सिटी आणि फू कुओक असं सगळं दाखवणारी वेळापत्रकं मिळतात. ती विमानतळं दाखवतात. पहिल्या खेपेला हनोईत तीन रात्री आणि होई आनला चार रात्री ठेवा. मध्ये हनोई ते दा नांग विमान, सव्वा-दीड तासाचं. होई आनला विमानतळ नाही, दा नांगहून गाडीने पाऊण तास.

हनोईतून एक दिवस हालाँग खाडीला द्या. महामार्गाने अडीच तासांत पोहोचता आणि समुद्रातून उभे राहिलेले चुनखडीचे शेकडो डोंगर बोटीतून बघता. लाइफ जॅकेट अंगावर असू द्या, बाकाखाली नाही. 2025 च्या जुलैत तिथे अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची बोट उलटून अनेकांचा जीव गेला. हवा बिघडली म्हणून बोट रद्द झाली तर वाद घालू नका. हनोईतली व्हिएतनामचे स्वातंत्र्यनेते हो ची मिन्ह यांची समाधी फक्त सकाळी उघडी असते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद. हाफ पँटवर आत सोडत नाहीत.

माझ्या मते आपल्याकडच्या माणसाने काही चुकवू नये असं ठिकाण म्हणजे मी सन, होई आनपासून 40 किलोमीटरवर. चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या चाम राजांनी चौथ्या शतकापासून पुढची कित्येक शतकं तिथे शिवमंदिरं बांधली, भद्रेश्वर नावाच्या शिवाची. शिलालेख संस्कृतात आणि चाम भाषेत. बांधकाम विटांचं. ज्याने धाराशिव जिल्ह्यातलं तेरचं विटांचं त्रिविक्रम मंदिर बघितलंय, तो या बुरुजांपुढे दुसऱ्यापेक्षा जास्त वेळ थांबेल. सांध्यांत चुन्याचा थर दिसत नाही, वीट विटेला चिकटून बसलेली. 1969 मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत यातलं बरंच कोसळलं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 2017 पासून इथल्या काही मंदिरांची डागडुजी केली आणि 2020 मध्ये त्याच कामात नवव्या शतकातलं एकसंध वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. सकाळी सहाच्या सुमारास पोहोचा. नऊनंतर ऊन आणि बसगाड्या दोन्ही येतात. जाण्याआधी दा नांगचं चाम शिल्पसंग्रहालय बघितलं तर मूर्ती ओळखू येतात.

होई आनची संध्याकाळ पायीच फिरायची. पौर्णिमेच्या आदल्या रात्री जुन्या गावात विजेचे दिवे मंद करून कंदील लावतात. पंचांग बघून तारीख जुळली तर बघा. कोट-सदरा शिवून घ्यायचा असेल तर शिंप्याकडे पहिल्याच दिवशी जा, एक-दोन फेऱ्या तरी माप द्यायला लागतात.

5. पैसा: एक पाकीट, एक खजिनदार

वर्षभर आधी मित्रांत भिशी लावा, विमानाची रक्कम अंगावर येत नाही. विमान, व्हिसा, विमा ज्याचा त्याचा. तिकडे पोहोचल्यावर प्रत्येकाने सारखी रक्कम खजिनदाराकडे द्यायची आणि हॉटेल, टॅक्सी, प्रवेश तिकिटं, जेवण त्यातून. बिअर मात्र कॉमन पाकिटातून नाही. हा एक नियम पाळला तर माळकऱ्याचं आणि पिणाऱ्याचं दोघांचंही जमतं. संपलं की पुन्हा सारखीच भर घालायची.

एका रुपयाला साधारण 300 डोंग पडतात, त्यामुळे चहा प्यायला गेलं तरी हजारांत बोलायचं. 20 हजारांची आणि 5 लाखांची, दोन्ही नोटा निळसर असतात. अंधारात टॅक्सीवाल्याला देताना शून्यं मोजा. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. न फाटलेल्या, न लिहिलेल्या डॉलरच्या नोटा आणि एक फॉरेक्स कार्ड (परदेशी चलन भरून न्यायचं कार्ड), पुरे. टॅक्सी ग्रॅब ॲपवरून बोलवा, भाडं आधी कळतं. स्कूटर भाड्याने घ्यायचा मोह टाळा. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

6. गावाहून विमानतळ

लातूर-मुंबई एक्सप्रेस किंवा देवगिरी सकाळी मुंबईत सोडते, पण त्याच दुपारचं विमान धरू नका. गाडी चार तास लेट झाली तर सहाही जण अडकतात. रात्रीचं विमान ठीक. नांदेड, उदगीर, देगलूरकरांनी हैदराबादहून सुटणाऱ्या विमानांचं वेळापत्रकही बघावं, कधी मुंबईपेक्षा सोयीचं पडतं. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, लोणचं मोठ्या बॅगेत, सुकं खोबरं कुठेच नाही.

7. जेवण

मासळीचा सॉस, नुओक माम, तिकडे भाजीतही पडतो. शाकाहारी माणसाने 'आन चाय' हे दोन शब्द पाठ करावेत आणि फोनमध्ये त्यांच्या स्पेलिंगने लिहून ठेवावेत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास बरेच बौद्ध लोक शाकाहार करतात, त्या दिवसांत अशी ताटं सहज मिळतात. बाकी दिवसांसाठी धपाटे तीन-चार दिवस टिकतात, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग त्यापुढेही. पण रोज धपाटेच खायचे असतील तर औशाला जाऊन या. फो नावाच्या नूडलच्या रश्श्याची भाजी घातलेली वाटी मिळते. त्यावर लिंबू पिळून मिरचीचे तुकडे टाकले की आपल्या जिभेला पटतं.

8. एक दुपार एकटं

सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच जायचं, ही सक्ती करू नका. होई आनच्या चार दिवसांत एक दुपार मोकळी ठेवा. कुणी झोपेल, कुणी किनाऱ्यावर जाईल, कुणी बाजारात. संध्याकाळी सातला अमुक पुलाजवळ, एवढं ठरलेलं असलं म्हणजे झालं. प्रत्येकाच्या फोनमध्ये हॉटेलचा पत्ता आणि पासपोर्टचा फोटो हवा.

शेवटच्या रात्री खजिनदाराने खोलीत बसून हिशेब वाचून दाखवावा आणि उरलेले डोंग तिथेच वाटून टाकावेत. भारतात ते बदलून मिळणं कठीण, तेव्हा विमानतळावर कॉफी घ्या किंवा डॉलर करा. मुंबईला उतरल्यावर एकाला लातूरची गाडी असते, दुसऱ्याला नांदेडची, आणि पाचशे रुपयांचा फरक मग महिनाभर व्हॉट्सॲपवर फिरत राहतो. फोटोही त्याच रात्री एका ड्राइव्हवर चढवा.