तापलेल्या पोलादाचे ग्रेन लेसरने मोजायचे तर

हजार अंशांवर ऑस्टेनाइटचे (तापलेल्या पोलादाच्या स्फटिकरचनेचे) ग्रेन, म्हणजे स्फटिककण, किती वाढले हे पाहायची जुनी रीत अशी: सँपल क्वेंच करा (झटक्यात थंड करा), कापा, पॉलिश करा, पिक्रिक ॲसिडने एच करा (ग्रेनच्या कडा दिसतील इतकं कोरा) आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसा. प्रत्येक तापमानाला नवं सँपल. लेसर अल्ट्रासाउंडने ही सगळी वाढ एकाच सँपलवर, तापत असतानाच दिसते. नव्या मुलांना मी शिकवते ते असं.

सँपल 3 मिलिमीटर जाडीचं, दोन्ही बाजू समांतर. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) वेल्ड करा, पण लेसर पडतो ती जागा सोडून. चेंबरमधली हवा काढा. स्केल (ऑक्साइडचा थर) धरला की सिग्नल बिघडलाच.

532 नॅनोमीटरचा हिरवा लेसर पृष्ठभागाचा सूक्ष्म थर उडवतो, त्या धक्क्याने ध्वनिलहर आत शिरते. ती मागच्या बाजूवर आपटून परतली की पृष्ठभाग किंचित हलतो. ते हलणं 1064 नॅनोमीटरचा दुसरा लेसर आणि इंटरफेरोमीटर (प्रकाशाने सूक्ष्म हालचाल मोजणारं यंत्र) टिपतात. हा दुसरा डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे त्याची भीती कुणाला वाटत नाही. चष्म्यावर दोन्ही आकडे आहेत का, ते वाचूनच आत या.

आता स्क्रीनकडे. जाऊन-येऊन 6 मिलिमीटर, गरम पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 5 किलोमीटर. म्हणजे पहिला इको (परतलेली लहर) 1.2 मायक्रोसेकंदाच्या आसपास हवा. तिथे काही नसेल तर सॉफ्टवेअरशी झटापट नको, फोकस बघा.

फेज (पोलादाची स्फटिकरचना) बदलतेय का, हे वेगावरून कळतं. ग्रेन मात्र इको किती क्षीण झाला त्यावरून. पूर्ण ऑस्टेनाइट होईपर्यंत ग्रेनचा आकडा वाचूच नका. ते झाल्याझाल्या, ग्रेन बारीक असतानाचा पहिला इको संदर्भ म्हणून ठेवा. नंतरचा प्रत्येक पहिला इको त्याच्याशी ताडा, दुसरा किंवा तिसरा नव्हे. जादा क्षय फ्रिक्वेन्सीच्या घनाबरोबर वाढताना दिसला, की त्या वाढीच्या गुणकावरून ग्रेनचा आकार काढतात. ग्रेन फार मोठे झाले की वरच्या फ्रिक्वेन्सी परत येतच नाहीत. तेव्हा खालचा पट्टा वापरा.

तरी क्वेंच केलेल्या सँपलवर पडताळा हवाच, आणि तोही प्रत्येक नव्या ग्रेडला. बारीक ग्रेनमध्ये चार-दोन दांडगे असले तर लहर त्यांच्यावरच जास्त विखुरते आणि लेसरचा आकडा मायक्रोस्कोपच्या सरासरीपेक्षा मोठा येतो.

रोलिंग मिलमध्ये पट्टी पळत असते, मग मोजणार कसं, हे सगळेच विचारतात. सेकंदाला 10 मीटर पळणारी पट्टी 1.2 मायक्रोसेकंदात 12 मायक्रॉन सरकते, बस्स. खरा त्रास वाफेचा आणि स्केलचा.