प्रश्नावली छापण्याआधी ती बंदरावर वाचून पाहा
मालवण किंवा हर्णैच्या मच्छीमार कुटुंबांत ‘पीएचक्यू-९’ ही नैराश्याची प्रश्नावली वापरणार असाल, तर आधी पाच-सहा जणांना एकेक प्रश्न वाचून दाखवावा आणि ‘यातून तुम्हांला काय समजलं?’ असे विचारावे. रात्री समुद्रावर जाणारा खलाशी झोपेच्या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’ म्हणतो, तेव्हा त्यामागे नैराश्य असेल किंवा केवळ जाळे टाकण्याची वेळ. ० ते २७ गुणांच्या बेरजेत हा फरक बुडून जातो, म्हणून उत्तराशेजारी त्याचेच शब्द टिपावेत. प्रश्न मागील दोन आठवड्यांविषयी असल्याने जून-जुलैच्या मासेमारी बंदीतील उत्तरे हंगामातल्या उत्तरांत मिसळू नयेत. नववा प्रश्न जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारांचा आहे. त्याला होकार आल्यास त्याच दिवशी काय करायचे, हे पहिल्या मुलाखतीआधीच मार्गदर्शकांशी बोलून ठरवावे.