चंदिगडी आरामखुर्ची: जाळी बदला, लाकूड जपा

जाळी फाटली म्हणून सागवानी आरामखुर्ची माळ्यावर टाकणाऱ्यांचा मला रागच येतो. वेत झिजायचाच, तो बदलता यावा म्हणूनच फ्रेमला भोकं असतात.

मी बोलतेय चंदिगडच्या खुर्चीबद्दल: बाजूचे पाय उलट्या ‘व्ही’सारखे, पाठ आणि बैठक वेताची. तिच्यामागचा वास्तुविशारद पिएर जानरे (१८९६–१९६७) हा जिनिव्हाचा माणूस, चंदिगडचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ. १९२० च्या दशकाअखेरीस या दोघांनी डिझायनर शार्लोट पेरियांसोबत पॅरिसमध्ये पोलादी नळ्यांच्या खुर्च्या केल्या. १९५१ मध्ये जानरे चंदिगडला आला आणि १९६५ पर्यंत तिथेच राहिला. पंजाबच्या या नव्या राजधानीच्या कचेऱ्यांना स्वस्त, टिकाऊ फर्निचर हवं होतं. मग पोलाद बाजूला राहिलं आणि साग, वेत आणि तिथले सुतार कामाला आले. इउली चौधरींसारखे भारतीय वास्तुविशारदही या कामात होते. एक कारखाना नव्हता, त्यामुळे मापं खुर्चीगणिक थोडी हलतात. तयार मापावर विसंबू नका, आपली खुर्ची मोजा.

आधी खुर्ची उलटी करा. रंगाने उमटवलेली सरकारी खात्याची अक्षरं दिसली तर तिथे पॉलिश पेपर लावायचा नाही, तो तिचा दाखला आहे. (अस्सल म्हणून कुणी विकायला आलं तर सावध राहा. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने चंदिगडच्या वारसा-वस्तूंच्या विक्रीला बंदी घातली. नक्कल असेल तर बिनधास्त दुरुस्त करा, कृती तीच.)

जुनी जाळी कापा, भोकं टोच्याने मोकळी करा. सांधे डुगडुगत असतील तर ते आत्ताच उघडा, जुना सरस खरवडा, नवा लावून क्लॅम्प आवळा. नव्या जाळीचा ताण ढिल्या फ्रेमला आणखी वाकडं करतो.

वेताच्या पट्ट्या कोमट पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं. चकचकीत बाजू वर ठेवायची. मधल्या भोकापासून सुरुवात करा आणि सुटणारं टोक लाकडी खुंटीने अडकवा. पहिली फेरी पुढून मागे, दुसरी तिच्यावरून आडवी. तिसरी पुन्हा पुढून मागे, पहिलीच्या शेजारी. चौथी आडवी मात्र विणायची, तिसरीच्या वरून आणि पहिलीच्या खालून. खरी कसोटी इथे लागते. जोड्या समांतर बसल्या नाहीत तर पुढे तिरक्या पट्ट्या अडतात, आणि मग माणूस वेताला शिव्या घालतो! मग दोन तिरक्या फेऱ्या: एक उभ्या (पुढून मागे जाणाऱ्या) जोडीवरून आणि आडवीखालून जाते, दुसरी बरोबर उलट. पट्टी फार ताणू नका, वाळताना वेत आपोआप आवळतो. शेवटी कडेची रुंद पट्टी भोकांवर बांधून टाका. रात्रभर सुकू द्या, तोवर कुणालाही बसू देऊ नका, पाहुण्यांनाही.

लाकडाला चकाकणारं पॉलिश मला मुळीच आवडत नाही. साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळल्यावर २२० नंबरचा पेपर रेषेच्या दिशेने हलकेच फिरवा आणि जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. ते फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटू शकतं. उघड्यावर पसरून वाळवा.

पुढे कधी बैठक सैलावली तर खालून गरम पाण्याचं फडकं फिरवा आणि खुर्ची सावलीत ठेवा. पट्टी तुटलेली नसेल तर जाळी पुन्हा ताठ होते.