केईद: मेलेला तारा स्वतःच्या डोळ्यांनी कसा पाहावा

श्वेत बटू म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. व्याधाच्या शेजारीही असा एक आहे, पण व्याधाच्या झगमगाटात तो सापडणं फार अवघड. छोट्या दुर्बिणीतून श्वेत बटू पाहायचा असेल, तर 40 एरिडॅनी ऊर्फ केईद गाठावा. ही तीन ताऱ्यांची जोडणी आपल्यापासून जेमतेम सोळा प्रकाशवर्षांवर आहे.

आधी रात्र ठरवा. जानेवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास केईद दक्षिणेला उंच असतो. त्याची प्रत (तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) 4.4, म्हणजे शहराच्या उजेडात नुसत्या डोळ्यांना तो मिळणार नाही. अमावास्येच्या आसपास गावाबाहेर जा आणि डोळे अंधाराला सरावावेत म्हणून अर्धा तास मोबाइल खिशातच ठेवा.

मग मृग शोधा. त्रिकांडाच्या खाली जो निळसर-पांढरा ठळक तारा, तो राजन्य, म्हणजे रायजेल. हात ताठ करून मूठ धरली की ती आकाशात सुमारे दहा अंश झाकते. राजन्यापासून सरळ पश्चिमेकडे दीड मूठ सरका. तिथे सव्वा अंशाच्या आत दोन फिकट तारे दिसतील. दक्षिणेकडे तोंड केलं असेल तर उजवीकडचा, किंचित वरचा आणि थोडा तेजस्वी तो बेईद. डावीकडचा, खालचा तो केईद. इथे बहुतेकांची गल्लत होते, म्हणून बायनॉक्युलर लावून रंग तपासा: केईद नारिंगी आहे, बेईद पांढरट.

आता दुर्बीण. साठ-ऐंशी मिलीमीटरची पुरे, आणि वर्धन चाळीसपट ठेवा. घाईने वाढवू नका. केईदच्या पूर्वेला 83 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) अंतरावर एक बारीक ठिपका दिसेल, प्रत 9.5. नजर किंचित बाजूला ठेवली की तो उठून दिसतो. हाच तो श्वेत बटू. सूर्याच्या निम्म्याहून जास्त वस्तुमान आणि आकार पृथ्वीपेक्षा थोडाच मोठा! खगोलनिरीक्षक विल्यम हर्शेल यांनी 1783 मध्ये तो टिपला, पण तो किती विलक्षण आहे हे कळायला 1910 साल उजाडलं. इतका मंद तारा तांबडा असायला हवा होता, वर्णपट मात्र पांढऱ्या, तप्त ताऱ्याचा निघाला आणि अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल चक्रावले.

तिसरा सोबती, तांबडा बटू (लहान, थंड, तांबूस तारा), 11.2 प्रतीचा आणि श्वेत बटूला अगदी खेटून. त्यासाठी दीडशे-दोनशे मिलीमीटरची दुर्बीण, दीडशेपट वर्धन आणि स्थिर हवा लागते. नाही दिसला तरी हिरमुसू नका, खरा ऐवज तो श्वेत बटूच आहे.

निघण्यापूर्वी वहीत चित्र काढा, आजूबाजूचे मंद तारेही त्यात येऊ द्या आणि तारीख घाला. ही त्रयी दरवर्षी चार विकलांहून थोडी जास्त सरकते. वीस वर्षांनी तेच चित्र घेऊन पुन्हा पाहिलंत, तर केईद आणि श्वेत बटू यांच्यात आज जेवढं अंतर दिसतं, जवळजवळ तेवढीच ती मागच्या ताऱ्यांवरून पुढे गेलेली असेल.